मोहाखाली ओ द्यावी लागते

मोह पडायला लागला की मला नॉर्वे आठवतं. हे वाक्य मी चंद्रपूरच्या ऑफिसात एकदा बोलून बसले, तर सगळे खो खो हसले. कुठं चिमूरच्या पलीकडचं तुझं गाव आणि कुठं तो बर्फाचा देश! हसा बापा. माझ्या डोक्यात ते दोघं एकाच खोलीत राहतात, त्याला मी काय करू? यंदाही तसंच झालं. होळी उरकली, पानं गळून जंगल उघडं पडलं, मी सुट्टी टाकून गावी आले. पहाटे दार उघडलं आणि मोहफुलांचा तो वास आला. गोड, जड, थोडा आंबूस. लोकांना त्या वासानं झिंग येते म्हणतात. मला घाम फुटतो.

आधी भीतीचंच सांगते. मोहाची फुलं उजाडायच्या सुमारास टपटप पडतात. ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर चितळं, अस्वलं, गुरं हात मारून जातात. वेचायचं म्हणजे वाकायचं. आणि वाकलेली बाई मागून बाईसारखी दिसत नाही, चार पायांची दिसते. त्याला तेवढं पुरतं. 'तो' म्हणजे कोण, हे आमच्याकडं कुणी विचारत नाही. जंगलात वाघाचं नाव घेत नाहीत. माझी माय म्हणते, "नाव न घ्यासारखे दोघंच, एक नवरा अन् एक तो. दोघंई नाव घेतलं का हजर होतेत." बाबा लवकर गेले. तिला टाळायला एकच नाव उरलं.

म्हणून बायका ओ देतात. घरोघरचं झाड ठरलेलं असतं, पिढ्यांपासून. झाडं एकमेकांपासून लांब, मधे पळसाची आणि कुड्याची झुडपं, एकीला दुसरी धड दिसत नाही. मग कुणी एक आपल्या झाडाखालून ओरडते, "ओऽऽ". पलीकडची ओ देते. तिच्या पलीकडची देते. अशी फेरी सगळ्या झाडांखालून फिरून पहिलीकडं परत येते, आणि थोड्या वेळानं पुन्हा निघते. नाव कुणाचंच घ्यायचं नाही, आवाजावरून ओळखायचं. एखाद्या झाडाखालून ओ आली नाही, की टोपल्या टाकून, काठ्या उचलून सगळ्यांनी तिकडं धावायचं. मी लहानपणापासून हे ऐकत आले. एक ओ संपते आणि दुसरी यायची असते, त्या मधल्या जागेत माझी भीती राहते. तिथून ती कधी हललीच नाही.

नॉर्वेला मी शिष्यवृत्तीवर गेले होते, पाण्याचा अभ्यास करायला. बर्गन नावाचं शहर, तिथं वर्षभर पाऊस. आमच्या वसतिगृहात एका स्वयंपाकघरात आम्ही बारा देशांची माणसं कांदे कापायचो आणि एकमेकांच्या फोडणीला खोकायचो. त्यातल्या दोघांशी माझं जमलं. क्वामे घानाचा, उंच, बोलायला इतका सावकाश की त्याचं वाक्य संपेस्तोवर भात शिजून जाई. आणि इनेस पोर्तुगालची, समुद्राकाठी वाढलेली, कड्याच्या टोकाशी जाऊन उभं राहिल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे. आम्ही आपसांत इंग्रजी बोलायचो, पण आठवताना ती दोघं मला आमच्याच बोलीत बोलताना ऐकू येतात. क्वामे "काऊन भेऊन राह्यली?" असं विचारतो. तुम्हीही तसंच ऐका.

ईस्टरच्या सुट्टीत शनिवार-रविवार गाडी भाड्यानं घेऊन फ्योर्ड बघायला जायचं ठरलं. समुद्राचा एक लांब हात डोंगरांमधून कोसच्या कोस आत शिरतो, दोन्ही बाजूंना उभे कडे, वर बर्फ, खाली काळं पाणी, त्याला ते लोक फ्योर्ड म्हणतात. दुरून डोंगर साजरे ही म्हण मी चित्रं बघतानाच मनात म्हटली होती. आम्ही सपाट जंगलातली माणसं. डोंगर म्हटला की मला तो अंगावर येणारच वाटतो.

क्वामे गाडी दारात घेऊन आला, मी पायरीवर बुटांच्या नाड्या बांधत होते, आणि राजुऱ्याहून दादाचा मेसेज आला. दादा तिकडं कोळशाच्या खाणीवर कामाला आहे. "बाजूच्या गावी मोह वेचताना एक बाई गेली. त्यानं नेली. मायले फोन लावून राह्यलो, उचलत नाई. आज ड्युटी आहे, उद्या सकाळी गावी जातो. तू घाबरू नको." घाबरू नको! ज्यानं हे दोन शब्द शोधून काढले त्याला कुणी तरी विचारायला पाहिजे, की बाबा, हे ऐकून आजवर एक तरी माणूस घाबरायचा थांबला का?

मी तिथल्या तिथं मायला फोन लावला. वाजला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तसंच. बंद लागला असता तर टॉवर पडला म्हणून मनाची समजूत घातली असती. पण तो वाजत होता, आमच्या घरात, बहुतेक तिच्या खाटेवरच, आणि कुणी उचलत नव्हतं. गावातले माझ्याकडं होते तेवढे नंबर फिरवले. मोहाच्या दिवसांत दिवसाउजेडी घरात असतं कोण? एका घरच्या म्हाताऱ्यानं उचलला. तो म्हणाला, "सकाळी झाडाकडं जाताना दिसली होती तुही माय. येताना काई मी नाई पाह्यली बापा."

येताना नाई पाह्यली.

मी येत नाही म्हटलं. इनेस पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसली. "खोलीत बसून तू काय करशील? भिंतीकडं बघत तोच फोन लावशील. गाडीतून लाव." तिचं खोटं नव्हतं. माझ्या खोलीपासून माझं गाव जेवढं लांब होतं, तेवढंच ते फ्योर्डपासूनही लांब होतं. मी मागच्या सीटवर बसले, फोन मुठीत.

आणि मग बोगदे सुरू झाले. मला कुणी सांगितलंच नव्हतं! त्या देशात डोंगर आला की वळसा घालत नाहीत, सरळ भोक पाडून आत शिरतात. एक संपतो, श्वास घ्यावा तर दुसरं तोंड समोर. आत शिरलं की फोनवरच्या नेटवर्कच्या चार काड्या एकेक करून जायच्या. बाहेर आलं की परत यायच्या, मी नंबर लावायची, पलीकडं वाजायला लागायचं, आणि तेवढ्यात पुढचा बोगदा गिळायचा. माझी माय फोन उचलते आहे आणि मी डोंगराच्या पोटात आहे, असं किती वेळा झालं असेल, या विचारानं माझा जीव वरखाली होत होता. मन चिंती ते वैरी न चिंती. मी तिला झाडाखाली पाहत होते, तिची टोपली कलंडलेली, फुलं सांडलेली. त्यापुढचं मी बघत नव्हते.

एक बोगदा तर संपेचना. मैलोन् मैल तो डोंगराच्या आतून चालला होता, आणि मधेच आत एक मोठी गुहा कोरलेली, तिच्यात निळा उजेड सोडलेला. गाडी चालवणाऱ्याला झोप लागू नये, त्याचा जीव घाबरा होऊ नये म्हणून म्हणे. इनेस "अहाहा" करून फोटो काढायला लागली. मी डोळे मिटून घेतले. डोक्यावर अख्खा डोंगर, मुठीत मुका फोन आणि तिकडं दादाही जमिनीखाली. आमच्या घरातलं त्या घडीला उघड्यावर कोण होतं? एक माय. तिच्यावर तर आभाळच होतं.

क्वामेनं आरशातून माझ्याकडं पाहिलं. "बोलत राह्य," तो म्हणाला. "कायबी बोल. तुझ्या मायबद्दल बोल."

मग मी बोलले. माझी माय फुलं कशी वेचते ते सांगितलं. ती दोन्ही हातांनी वेचते, उजव्यानं दूरचं, डाव्यानं जवळचं, आणि मान खाली असली तरी कान मात्र वर. पाखरू गप झालं तरी तिला कळायचं. वानर खाकरलं की ती सरळ उभी राहून लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचायची आणि मला आपल्या पाठीशी घ्यायची. मोसमातलं पहिलं फूल ती झाडाला हात जोडून, त्याला विचारूनच उचलायची. मी एकदा विचारलं होतं, झाड नाही म्हणालं तर? ती म्हणाली, "झाड नाई म्हणत नाई, पोरी. नाई म्हणणारा दुसरा हाये." इनेसनं कॅमेरा खाली ठेवला.

दुपारी एका उतारावर थांबलो. पांढऱ्या सालीची उघडी झाडं, आणि त्यांच्याखाली जमीनभर बारीक पांढरी फुलं, बर्फ वितळल्या वितळल्या उगवलेली. झाडाखाली फुलांचा सडा! माझा हात आपोआप खाली गेला. आणि कमरेतच अडकला. वाकता येईना. पाठीमागं झाडं होती ना.

"इथी वाघ नाई," इनेस हसून म्हणाली. तिला मी वाघाचं आणि वाकण्याचं सांगितलं होतं.

"मले माहीत आहे," मी म्हटलं. "पाठीले नाई माहीत."

ती आणि क्वामे फोटोसाठी झाडांत शिरले. मी गाडीजवळ राहिले, पुन्हा फोन, पुन्हा ते वाजणं. जरा वेळानं मान वर केली तर दोघं दिसेनात. वारा नाही, पाखरू नाही, पाण्याचा आवाज नाही. अशी शांतता आमच्या जंगलात पडली तर बाया टोपल्या खाली ठेवतात. माझ्या तोंडून निघालं, "ओऽऽ".

ओ आली नाही.

मी पुन्हा दिली, छाती फुटेस्तोवर. काही नाही. मग माझं मला भान राहिलं नाही. गाडीच्या मागून बर्फ लोटायचं फावडं काढलं आणि ते उगारून मी झाडांत धावले, काटक्यांवरून घसरत, ओरडत. पुढं एका खडकावर ते दोघं आरामात बसले होते, पाय सोडून, खालचं पाणी बघत. सुखरूप! फावडं घेतलेल्या माझ्याकडं त्यांनी असं पाहिलं की अस्वल आलं असतं तरी तसं पाहिलं नसतं.

"ओ काऊन नाई देल्ली?" मी किंचाळले. "ऐकू नाई आलं?"

"आलं ना," इनेस म्हणाली. "आम्हाला वाटलं तू गाणं म्हणतेस. इतकी शांतता होती, मोडवेना."

गाणं म्हणतेस! मी रडायला लागले. रागानं, लाजेनं, आणि फावडं हातात असल्यामुळं डोळेही पुसता येईनात. शांतता मोडवेना म्हणे. या जगात शांतता आवडणारी माणसं असतात, हे मला तेव्हा नव्यानं कळलं. मी त्यांना फेरीचं सांगितलं. कुणी ओरडलं की ओ द्यायची. हातात काहीही असो, तोंडात घास असो. न देणं म्हणजे काय, ते त्यांना नीट समजेल असं सांगितलं. क्वामे उठला, त्यानं माझ्या हातातून फावडं काढून घेतलं, आणि त्याच्या त्या खर्जातल्या आवाजात, माझ्यासमोर उभा राहून, अगदी गंभीरपणे म्हणाला, "ओ." मला त्यातही हसू आलं. पुढं परत येईस्तोवर तो पेट्रोलपंपाच्या शौचालयातूनसुद्धा ओ देत होता.

संध्याकाळी फ्योर्ड ओलांडायला फेरीबोट होती. गाडीसकट बोटीत शिरायचं. बोट विजेवरची, तिला आवाजच नाही. काळ्या पाण्यावरून ती नुसती सरकत होती आणि खाली किती खोल आहे ते एका पाटीवर लिहिलेलं होतं. मी पाण्याची विद्यार्थिनी, ते आकडे परीक्षेत लिहिलेले, पण कठड्याला हात लावला तेव्हा सगळा अभ्यास डोक्यातून निघून गेला. पलीकडं उतरून धक्क्यावर थांबलो. समोर पाण्यातून सरळ वर गेलेला कडा, आणि त्याच्या अंगावरून वितळणाऱ्या बर्फाच्या बारीक धारा.

इनेसनं तोंडाभोवती हात धरले आणि स्वतःचं नाव ओरडलं. कड्यानं ते परत दिलं. तिनं टाळ्या पिटल्या. क्वामेनंही ओरडून पाहिलं, मग मला म्हणाला, "आता तू. नाव सांग त्याले तुझं."

नाव मी ओरडणार नव्हते. इतकी कुठली मी शहाणी झाले! पण दिवसभराचं छातीत साठलेलं होतं. मी ओरडले, "ओऽऽ".

क्षणभर काहीच नाही. आणि मग पाण्यावरून, लांबून, मायची ओ आली.

माझा आवाज अगदी मायसारखा आहे. दादा अजूनही फोनवर फसतो. हे मला माहीत होतं, पण मी ते कधी ऐकलं नव्हतं. आपलाच आवाज आपल्याला बाहेरून कुठं ऐकू येतो? आमचं जंगल आवाज परत देत नाही, पिऊन टाकतं. तिथून ओ आली तर ती कुणा जित्या माणसाचीच असते. त्या हिशेबानं माझी माय जिती होती, तिनं आत्ता या घडीला ओ दिली होती. आणि शिकलेल्या डोक्याच्या हिशेबानं पलीकडं कुणीच नव्हतं, नुसता दगड होता, आणि मी रिकाम्या जागेला ओरडत होते. दोन्ही हिशेब एकदम खरे वाटत होते. मी धक्क्यावरच बसले आणि पुन्हा ओरडायची माझी हिंमत झाली नाही.

मुक्काम गवताच्या छपराच्या एका लाकडी खोपटात होता. खरंच, छपरावर गवत उगवलेलं! आमच्याकडं छपरावर गवत उगवलं तर गावभर नाचक्की होते. तिकडं उजेड लवकर जात नाही. आम्ही पायरीवर बसून तपकिरी, गोडसर चीज पावावर ठेवून खाल्लं. मला घास उतरत नव्हता. गावी तेव्हा कधीचा अंधार पडला होता, लावला तरी उठवायचं कुणाला, म्हणून फोन मांडीवर उपडा ठेवला होता. क्वामे म्हणाला, त्याची माय बाजारात कापड विकते, आणि घरून अवेळी फोन आला की तो आधी खाली बसतो, मग उचलतो. इनेस म्हणाली, तीसुद्धा. तिचे बाबा बोटीवर जातात. कड्याच्या टोकाशी उभी राहून हसणारी ही पोरगी, हिलाही फोनची भीती वाटते! परदेशी शिकणारं प्रत्येक पोर ही भीती सोबत आणतं आणि स्वयंपाकघरात एकमेकांना दाखवत नाही. त्या पायरीवर आम्ही ती दाखवली. कमी झाली असं नाही म्हणणार मी, पण तिघांत बसली.

सकाळी फोन वाजला. मी क्वामेचं ऐकून आधी खाली बसले. दादा होता. "हे घे, बोल तुया मायशी," म्हणाला, आणि मग तो आवाज, माझा आवाज, कानठळ्या बसतील एवढा, "काय झालं वो? काऊन एवढे फोन करून राह्यली? पैसे लागतेत ना!"

"तू उचलला काऊन नाई?" मी ओरडले.

"वाजलाच नाई! इथीच त होती मी काल दिवसभर, फुलं वाळवत होती आंगनात. फोन खाटीवरच होता. वाजलाच नाई, खोटं कायले बोलू?"

आम्ही सगळेच हसलो, दादा, मी, न कळता ती दोघंही. नेटवर्कला शिव्या घातल्या. परतीच्या वाटेवर ऊन पडलं होतं, पाणी हिरवंगार झालं होतं, एका कुंपणात नुकतीच जन्मलेली कोकरं उड्या मारत होती, आणि मी इनेसच्या जोडीनं "अहाहा" करत होते. फोन माझ्या कानावर वाजत होता आणि तिच्या खाटेवर वाजला नाही, यावर मी विचारच केला नाही. सुटकेत माणूस फार विचार करत नाही.

विचार यंदा केला. करावाच लागला.

यंदाच्या त्या पहाटे मायसोबत झाडाकडं निघाले. ती पुढं, मी मागं. मी मागून म्हटलं, "माय, काठी इसरली." ती चालत राहिली. मोठ्यानं म्हटलं. चालत राहिली. उजव्या बाजूला झुडपात चितळ ओरडलं, ती भीतीची एकच तीक्ष्ण शीळ, जिला तिनंच मला ओळखायला शिकवलं होतं. मी जागीच थिजले. माय गुणगुणत पुढं चालली होती.

झाडाखाली मी तिला समोरून धरलं. "तुले आयकू नाई येत."

ती माझ्या ओठांकडं बघत होती. मग तिनं इकडंतिकडं पाहिलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून! "येते थोडंथोडं," ती म्हणाली. "कोणाले सांगू नको. जी ओ देत नाई तिले झाडाकडं येऊ देत नाईत बाया. घरी बसून मी काय करू? तुयं पोट्टं खेळवू?" माझं लग्न व्हायचंय अजून. टोमणा मारायची संधी तिनं अशा वेळीही सोडली नाही.

"केव्हापासून?"

"झाले बरेच वर्स. तू तिकडं होती तेव्हापासून कमीकमी होऊन राह्यलं."

खाटेवर वाजणारा तो फोन मला तेव्हा ऐकू आला. त्या वर्षी, बाजूच्या गावी ती बाई गेली त्या हंगामात, माझी माय रोज पहाटे या झाडाखाली वाकत होती आणि तिला ना पाखरू ऐकू येत होतं, ना वानर, ना ओ. मी डोंगराच्या पोटात भीत होते ते कमीच भीत होते. वर्षानुवर्षं ती फेरीला ओ कशी देत होती? आणि दिली नसेल तर कुणी धावून कसं आलं नाही? धावून येणारं कुणी उरलंच नव्हतं का?

तेवढ्यात फेरी सुरू झाली. नाल्यापलीकडून पहिली ओ आली, मग दुसरी. मायच्या आधीचं झाड सकूकाकूचं. सकूकाकू शेजारची, मायच्या वयाची, तोंडानं फटकळ, गावातलं एक भांडण तिनं सोडलेलं नाही. झुडपाच्या फटीतून ती मला दिसत होती. तिची पाळी आली. तिनं वेचता वेचता हात थांबवला, कमरेवर हात ठेवून सरळ झाली, मान लांब करून आमच्या झाडाकडं पाहिलं. माय वाकलेली होती, तिचं लाल लुगडं काकूला दिसलं असणार. आणि मग सकूकाकूनं ओ दिली. जरा थांबून, थोडा बारीक आवाज काढून, आणखी एक दिली. दुसरी ओ पुढच्या झाडानं उचलली आणि फेरी पुढं गेली.

माय फुलं वेचत होती. तिला काहीच कळलं नव्हतं.

मी झुडपं ओलांडून काकूकडं गेले. "काकू, दोनदा काऊन ओरडली?"

काकूनं माझ्याकडं पाहिलंही नाही. "घसा खवखवून राह्यला."

"किती वर्सापासून खवखवून राह्यला?"

तिनं एक फूल टोपलीत टाकलं, दुसरं टाकलं. "तुया मायले सांगशील त तंगडं तोडीन," ती म्हणाली. "ते मनाले येईन तवा ओ देते, तिले वाटते आमाले मालूम नाई. वाटू दे. साऱ्या बायाईले मालूम हाये. मी आधी पायतो तिच्याकडं, मंगच ओ देतो. न पायता एकडाव बी नाई देल्ली." मग एकदम चिडली. "जाय ना तिच्यापाशी! इथी काय उभी राह्यली? तिकडं एकटी हाये ना ते!"

मी धावले. भीती गेली असं कुणी समजू नये. दुसरी ओ म्हणजे माय सुखरूप असल्याची खात्री नव्हे, एका म्हाताऱ्या बाईनं तेवढ्यापुरतं तिला पाहिलं, एवढंच. मधे झुडपं आहेत. काकूचे डोळेही आता पहिल्यासारखे नाहीत. माझी सुट्टी संपेल, मी चंद्रपूरला परत जाईन, आणि रोज पहाटे मला जाग येईल. हे सगळं मला ठाऊक होतं. कड्यावरून परत आलेल्या त्या ओवर विश्वास ठेवावा की नाही, हे मी इतकी वर्षं ठरवू शकले नव्हते. त्या सकाळी, पलीकडं सकूकाकू मान लांब करून उभी असताना, मायची ओ तिच्या आवाजात गेली होती, आणि या वेळी पलीकडं दगड नव्हता.

ऊन झाडाच्या शेंड्याला लागलं. फेरी पुन्हा निघाली, नाल्याकडून, एकेक झाड करत. या वेळी काकूनं एकच ओ दिली आणि थांबली. ती माझ्याकडं बघत होती.

मी मान वर केली. मायकडं पाहिलं. ती होती, पदर खोचलेला, दोन्ही हात फुलांत. मग मी तिच्या पाठीशी उभी राहून, जंगलाकडं तोंड करून ओ दिली. दोनदा, एक मायची, एक माझी.